व्हिटबीचा पूल दुपारी उघडतो : एका दिवसाच्या कोच-सहलीचं प्रकरण

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, एस्क नदी उत्तर समुद्राला मिळते तिथे व्हिटबी हे जुनं मासेमारी बंदर आहे. लीड्सहून साधारण ११० किलोमीटर. लीड्स आणि आसपासच्या मराठी कुटुंबांनी एका उन्हाळी शनिवारी कोच ठरवून तिथे जाऊन यायचं ठरवलं. माणसं ४६. सगळ्यात लहान बाबागाडीतलं दीड वर्षाचं, सगळ्यात मोठे मुलाकडे चार महिने राहायला आलेले ७८ वर्षांचे आजोबा, जन्म आणि उमेदीची वर्षं कोकणात गेलेली. एक मावशी व्हीलचेअरवर. गुडघे धरून उठणारी मंडळी मोजली नव्हती, पण कमी नव्हती.

सहल वाईट झाली असं कुणीच म्हणणार नाही. तरी दुपारी पाऊण तास असा आला, की अर्धी मंडळी नदीच्या एका काठाला, अर्धी दुसऱ्या. जेवणाचं टेबल पश्चिमेला आणि जेवणाचे पैसे ज्यांच्या खिशात ते पूर्वेला. त्या पाऊण तासात जे फोन झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण हा घोळ आकाशातून पडला नव्हता. त्याची वेळ आठवडाभर आधी घरबसल्या काढता आली असती. म्हणून हे प्रकरण नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

कागदावरचा बेत

व्हिटबी समजायला एक गोष्ट आधी डोक्यात बसली पाहिजे: गावाचे दोन तुकडे आहेत. मध्ये नदी, आणि नदीच्या दोन्ही बाजूंना उभे कडे.

पूर्वेच्या काठावर जुनं गाव. चर्च स्ट्रीटची अरुंद दगडी गल्ली, हेन्रिएटा स्ट्रीटवर १८७२ पासून हेरिंग माशाला ओकच्या लाकडाची धुरी देणारं धूरघर, ग्रेप लेनवर जॉन वॉकर या जहाजमालकाचं घर. कॅप्टन कुक १७४६ मध्ये याच वॉकरकडे उमेदवारीला लागला. ज्या ‘एंडेव्हर’वरून तो पुढे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला, ती मुळात कोळसा वाहणारी बोट, १७६४ मध्ये व्हिटबीतच बांधलेली. गल्ली संपली की १९९ पायऱ्या सुरू होतात. वर सेंट मेरीचं चर्च आणि त्याच्यामागे मठाचे भग्न अवशेष.

पश्चिमेच्या काठावर रेल्वे स्टेशन, बस स्टेशन, मासळीचा धक्का, खाण्याची बहुतेक मोठी ठिकाणं, आणि वरच्या कड्यावर कुकचा पुतळा व देवमाशाच्या जबड्याची कमान. तिथे चढणाऱ्या रस्त्याचं नाव खैबर पास आहे. ते वाचून कोचमध्ये बराच वेळ विनोद चालले. वाळूचा मोठा किनाराही याच बाजूला.

संयोजक ताईंनी कोच, जेवणाचं टेबल, मठाची तिकिटं सगळं चोख ठरवलं होतं. पाहायच्या ठिकाणांची यादी मात्र समितीने केली होती, आणि समितीची यादी म्हणजे कुणाचंच मन न मोडणारी यादी. मठ, चर्च, कुकचं घर, काळ्या जेट दगडाचे दागिने, एक वाजता सगळ्यांचं एकत्र जेवण, मग कमान, पुतळा, किनारा, आणि जमलं तर बंदराबाहेर बोटीची फेरी. साध्या बेरजेने हे सहा तासांच्या वर जातं. त्यात चालण्याचा वेळ नाही, स्वच्छतागृहाच्या रांगा नाहीत, आणि ४६ माणसं एका जागी गोळा करायला लागणारा वेळ तर यादीत कधीच नसतो.

ड्रायव्हरचं घड्याळ

आपल्याकडे गाडी ठरवली म्हणजे दिवस आपला, अशी एक समजूत असते. इथे तसं नाही, आणि नाही तेच बरं. कोचच्या ड्रायव्हरचं कार्ड टॅकोग्राफमध्ये असतं आणि त्याचा प्रत्येक मिनिट नोंदला जातो. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला गाडी चालवायची मर्यादा ९ तास (आठवड्यात दोनदा १० चालतात), आणि रोज सलग ११ तासांची विश्रांती. ही शेवटची अट आठवड्यातून मोजक्या वेळा ९ तासांवर आणता येते, पण ती सवलत वापरायची की नाही हे प्रवाशांनी ठरवायचं नसतं.

आमच्या ड्रायव्हरने डेपोतून पावणेसातला सुरुवात केली होती. २४ तासांतून ११ वजा केले की १३ उरतात. म्हणजे पावणेआठला गाडी परत डेपोत हवी. त्यातून लीड्सला माणसं उतरवायची आणि रस्त्याचा वेळ वजा केला, की व्हिटबीतून चाकं हलायची वेळ पावणेपाच. हे त्याने सकाळी पहिल्यांदा माइक हातात घेतला तेव्हाच सांगितलं, शांतपणे, दोनदा. अर्ध्या लोकांनी ऐकलं नाही, कारण तेव्हा डबे उघडत होते.

जायच्या वाटेवर अर्धा तास मागे राहिलेल्या दोन कुटुंबांसाठी थांबण्यात गेला. पुढे ए-६४ वर, यॉर्कजवळच्या हॉपग्रोव्हच्या चौकात, उन्हाळी शनिवारी जी रांग लागायची ती लागलीच. तिथे दुपदरी रस्ता एकपदरी होतो आणि अख्खं यॉर्कशायर समुद्राकडे निघालेलं असतं. आणखी एक गोष्ट फोनवरचा नकाशा सांगत नाही: तो वेळ दाखवतो कारचा. एकपदरी रस्त्यावर कारला ताशी ६० मैलांची मुभा आहे, कोचला ५० ची. पिकरिंगला स्वच्छतागृहासाठी थांबलो, मग मूरलँडचा उघडा माळ, डावी-उजवीकडे मेंढ्या, लांबवर फायलिंगडेल्सच्या रडारचा पिरॅमिडसारखा ठोकळा. शेवटी ब्लू बँकचा उतार. पाचास एक असा तो उतार आहे, ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी बाजूला वेगळी मार्गिका ठेवलेली. ड्रायव्हरने गिअर उतरवला आणि गाडी अशी सावकाश उतरवली की मागून एका काकांनी विचारलं, “बिघाड झाला का हो?”

अकरा वीसला स्टेशनजवळ उतरलो. बेतात वेळ होती साडेदहाची.

म्हणजे हातात पाच तास पंचवीस मिनिटं. उतरणं, स्वच्छतागृह, जेवण आणि परत कोचपाशी जमणं यांचे दोन तास काढले, तर खरं फिरायला साडेतीन तासही नाहीत. इथे यादी निम्मी करायला हवी होती. समितीतल्या एका काकांचं मत पडलं, “जाऊ दे हो ताई, चालताना भरभर चालू.” व्हीलचेअर, बाबागाडी आणि गुडघे घेऊन ४६ माणसं भरभर चालत नसतात.

पुलावर

व्हिटबीच्या दोन काठांना जोडणारा जुन्या गावातला पूल फिरता आहे. १९०९ मध्ये सुरू झालेला. होडी आली की पुलाचे दोन भाग बाजूला वळतात, दोन्हीकडची फाटकं लागतात, आणि माणसं, गाड्या, कुत्री सगळी थांबतात. नदीच्या वरच्या अंगाला १९८० साली बांधलेला उंच पूल आहे, पण तो ए-१७१ चा, गाड्यांच्या सोयीचा. बंदरातून पायी तिकडे वळसा घालून जायचं म्हणजे पुलावर थांबण्यापेक्षा जास्त वेळ.

पूल केव्हा उघडतो? होड्यांनी मागितलं की, पण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढ्याच अवधीत. त्या वेळेतच नदीच्या तोंडाशी होड्यांना पुरेसं पाणी असतं. त्या शनिवारी भरती दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी होती. म्हणजे अकरा दहा ते तीन दहा. आमचा जवळजवळ सगळा दिवस बरोबर या खिडकीत सापडला होता, आणि बेतात नदी दोनदा ओलांडायची होती: एकदा बाराच्या आत मठाकडे, एकदा एकच्या आत जेवणासाठी परत.

पहिल्या खेपेला पुढची वीसेक मंडळी पलीकडे गेली आणि फाटक पडलं. मागे राहिले बाबागाडीवाले, मावशींची खुर्ची, आणि त्यांच्यासाठी थांबलेले. एकापाठोपाठ शिडाच्या होड्या वरच्या मरिनातून, म्हणजे होड्यांच्या तळावरून, बाहेर निघाल्या. बघायला फार सुंदर दृश्य. मुलं फाटकाला चिकटून उभी. दहा-बारा मिनिटांनी पूल जोडला गेला, तोवर दोन्ही बाजूंना एवढी गर्दी साचली होती की समोरासमोरचे दोन लोंढे एकमेकांत घुसले. पुढचे तोपर्यंत पायऱ्यांपर्यंत पोचले होते.

दुसऱ्या खेपेला, एक वाजायला दहा कमी असताना, नेमकं उलटं झालं. मागे राहिलेल्यांतले बरेचजण कंटाळून पश्चिमेलाच थांबले होते. ते टेबलापाशी वेळेवर पोचले. मठावरून उतरलेले पूर्वेला अडकले. मठातून उशिरा निघणारे तर अजून पायऱ्यांवर होते. तिकडे उपाहारगृहात २० खुर्च्या रिकाम्या, आणि शनिवारी दुपारी एक वाजता व्हिटबीत रिकामी खुर्ची कुणी फार वेळ धरून ठेवत नाही. ठेवावी असंही नाही.

इथे ताईंनी जो निर्णय घेतला तो मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या स्वतः पूर्वेला फाटकाशी उभ्या होत्या. समितीतल्या काकांचा आग्रह चालू होता, पूल जोडला की पळत येतो, दहा मिनिटं टेबल धरा. ताई म्हणाल्या, “काका, आता कुणी पळायचं नाही. तिकडचे तिकडे जेवा, इकडचे इकडे. संध्याकाळी साडेचारला कोचपाशी सगळे. त्याआधी कुणी कुणाला शोधायचं नाही.” मग त्यांनी ग्रुपवर तेच दोन ओळींत टाकलं, आणि प्रत्येक काठाला एकेक जबाबदार माणूस नेमला: पूर्वेला स्वतः, पश्चिमेला एक इंजिनिअर मुलगी, जिला लोक मोजायचा उत्साह होता.

काका थोडे दुखावले. एकत्र जेवण हा त्यांच्या दृष्टीने सहलीचा गाभा होता, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एकत्र जेवायचंच असेल तर दोन्ही वेळा एकाच काठावर राहायला हवं, किंवा डबे घेऊन एखाद्या मोकळ्या जागी बसायला हवं. टेबल एका काठाला, पाहायची ठिकाणं दुसऱ्या काठाला आणि मधे फिरता पूल, हा हिशेब दुपारी भरती असलेल्या दिवशी जुळत नाही.

तळणीतली चरबी

पश्चिमेच्या टेबलावर वेगळंच नाट्य. मासे खाणाऱ्यांनी हॅडॉक मागवला; यॉर्कशायरमध्ये कॉडपेक्षा हॅडॉकला मान. शाकाहाऱ्यांसाठी चिप्स, वाटाण्याचा लगदा आणि चीज-कांद्याचा ‘पाय’ (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) ठरला होता. ताटं यायच्या आधी एका वहिनींनी भिंतीवरचा फलक वाचला: इथे सगळं बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाई-बैलांच्या चरबीत तळतात. ही यॉर्कशायरची जुनी पद्धत, आणि तिथले लोक ती अभिमानाने फलकावर लिहितात. शाकाहाऱ्यांचे चिप्स गेले. बीफ न खाणाऱ्या मासेखाऊंचा हॅडॉकही गेला. उपाहारगृहाने काही लपवलेलं नव्हतं. टेबल ठरवताना “शाकाहारी काय मिळेल” एवढंच विचारलं गेलं, “कशात तळता” हे विचारलं गेलं नाही. वनस्पती तेलात तळणारी दुकानं गावात सापडतात, आधी फोन केला तर. शेवटी काहींनी ‘पाय’ आणि पाव खाल्ला, काहींनी सकाळचे उरलेले डबे काढले, आणि दोघांनी खांदे उडवून हॅडॉक संपवला. कुणी कुणाला काही बोललं नाही, हे चांगलं झालं.

या हॅडॉकबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. बंदरात बसून मासे खाताना माणसाला वाटतं, समोरच्या होडीतून सरळ ताटात आला असणार. ब्रिटनमध्ये खाल्ला जाणारा बहुतेक कॉड आणि हॅडॉक बाहेरून येतो, आइसलँड-नॉर्वेकडच्या थंड पाण्यातला, बऱ्याचदा बोटीवरच गोठवलेला. आणि व्हिटबीच्या छोट्या होड्या जे आणतात ते मुख्यतः शेवंड आणि खेकडे. इंग्लिश किनाऱ्यावरचा असा माल मोठ्या प्रमाणात फ्रान्स-स्पेनला जातो. ताट आणि धक्का यांची इथे गाठ पडत नाही.

पूर्वेच्या मंडळींनी दुकानातून सँडविच आणि किपर, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग, घेऊन टेट हिलच्या छोट्या वाळूत बसून खाल्लं. एका मुलाच्या हातातला पाव सीगलने अलगद उचलून नेला. सीगलना खाऊ घालू नका असे फलक जागोजागी आहेत. इथे घालायची गरजच पडली नाही.

दोन काठांना मिळालेला वेळ

निर्णयानंतरचे तीन तास दिवसातले सगळ्यात चांगले गेले. कारण साधं आहे: कुणालाच पूल ओलांडायचा नव्हता.

पूर्वेला ज्यांनी मठ भरभर पाहिला होता ते पुन्हा वर गेले. १९९ पायऱ्या ऐकायला जास्त वाटतात, पण मध्येमध्ये रुंद टप्पे आणि बाकं आहेत. शवपेटी खांद्यावरून वर चर्चकडे नेणाऱ्यांना टेकता यावं म्हणून ते टप्पे, असं सांगतात. चढताना धाप लागते. उतरताना गुडघे बोलतात. “चढताना देव आठवतो, उतरताना डॉक्टर,” असं एक काकू म्हणाल्या. शेजारचा दगडी चढ खुर्चीला अजिबात चालण्यासारखा नाही, म्हणून मावशींना दुपारी टॅक्सीने वरच्या पुलावरून थेट मठापाशी नेलं. हा सकाळीच करायचा बेत होता, यादीत मात्र तो कुठेच लिहिलेला नव्हता.

मठ ६५७ साली हिल्ड या राजघराण्यातल्या बाईने वसवला. आज उभ्या आहेत त्या भिंती तिच्या नव्हेत. त्या खूप नंतरच्या. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, आणि उरलंसुरलं १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांच्या तोफगोळ्यांनी खिळखिळं केलं. त्याआधी दीडच महिना, ३० ऑक्टोबर १९१४ ला, याच कड्याच्या पलीकडे सॉल्टविकच्या खडकांवर ‘रोहिला’ नावाचं इस्पितळ-जहाज फुटलं. ‘ब्रिटिश इंडिया’ या जहाज कंपनीचं, नाव रोहिलखंडातल्या रोहिल्यांचं. किनाऱ्यावरून दिसत असूनही लोकांना वाचवायला तीन दिवस लागले आणि ८० च्या वर माणसं गेली. वल्ह्यांच्या जीवरक्षक होड्यांनी जे जमेना, ते शेवटी टाइनमथहून आलेल्या मोटरच्या होडीने केलं. पूर्वेच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे कड्यावरून खाली पाहत उभे होते. ओहोटीच्या वेळी लोक त्या कड्याखालून खडकांवर चालत जातात आणि पाणी चढलं की अडकतात, म्हणून मुलांना तिकडे सोडायचं नाही, हेही त्यातच सांगून झालं.

पश्चिमेला आजोबा धक्क्यावरून हललेच नाहीत. नातवाने कमानीकडे चला म्हणून बराच आग्रह केला. १७५३ ते १८३७ या काळात इथून देवमाशांच्या शिकारीला जहाजं जात; पहिली कमान १८५३ ची, आजची २००३ मध्ये अलास्काहून आणलेली. आजोबा म्हणाले, “हाड काय बघायचं, तू जा.” एक लहानशी होडी नुकतीच लागली होती. एक माणूस पेटीतून शेवंडी काढून दुसऱ्या पेटीत लावत होता, काळसर निळ्या, नांग्यांना रबरबँड. आजोबांनी इंग्रजीची फार वाट न पाहता हातानेच विचारलं, एवढी? का एवढी? त्या माणसाने खिशातून धातूचं छोटं माप काढलं. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत ते लावलं. ८७ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर ती समुद्रातच सोडायची, हा नियम. अंडी पोटाशी धरलेली मादी असेल तर कितीही मोठी असली तरी सोडायची. नातवाने भाषांतर केलं. आजोबांनी मान हलवली आणि माप स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा एकदा लावून पाहिलं.

त्याच माणसाने २०२१ च्या शरद ऋतूचा विषय काढला. टीज नदीच्या मुखापासून व्हिटबीच्या बाजूपर्यंत खेकडे आणि शेवंडी ढिगाने मेलेल्या किनाऱ्याला लागल्या. सरकारी खात्याने आधी शेवाळाच्या फुलोऱ्याकडे बोट दाखवलं, मच्छीमार आणि काही शास्त्रज्ञ टीजच्या तोंडाशी उपसलेल्या गाळातल्या रसायनांकडे दाखवत होते. जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञ समितीने एखाद्या नव्या रोगजंतूची शक्यता जास्त मानली, पण ठाम कारण सापडलं नाही. पेट्या अजून पूर्वीसारख्या भरत नाहीत, एवढंच तो म्हणाला आणि कामाला लागला. सहलीच्या यादीत धक्का नव्हताच, हे मला अजून खटकतं. मासेमारीचं बंदर पाहायला गेलेल्या यादीत देवमाशाचं हाड होतं, कुकचा पुतळा होता, मासेमारी नव्हती.

शनिवार कोणता

परतीच्या वाटेवर आजोबांचा आणि ताईंचा वाद रंगला, आणि प्रकरणाची किल्ली त्या वादात आहे.

आजोबांनी सकाळीच कोचमध्ये गणित मांडलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातल्या खलाशांचा जुना हिशेब. “आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. भरती साडेसातला होऊन गेली, आता निवांत.” ताईंनी फोनवर कोष्टक काढलं तर एक दहा. आजोबांचा हिशेब चुकीचा नव्हता. तो त्यांच्या किनाऱ्याचा होता. अमावास्या-पौर्णिमेला मुंबई-कोकणात भरती बाराच्या आसपास येते, व्हिटबीत चार-पाचच्या सुमारास. प्रत्येक बंदराचा हा फरक वेगळा असतो. पण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, हे दोन्हीकडे सारखंच. (गंमत म्हणजे हिल्डच्या मठात ६६४ साली जी प्रसिद्ध धर्मसभा भरली, तिच्यातला मोठा तंटा हाच होता: ईस्टर कधी, म्हणजे चंद्राची तिथी कुणाच्या गणिताने धरायची. आजोबांना हे कळल्यावर ते मठ न पाहिल्याबद्दल थोडे हळहळले.)

आता रोज ५० मिनिटं, तर सात दिवसांत जवळजवळ सहा तास. या शनिवारी दुपारी एकला भरती असेल, तर पुढच्या शनिवारी दुपारी एकला ओहोटी. भरती सकाळी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास. पूल उघडायच्या वेळा पाच ते नऊ. कोच पोचायच्या आधी एक खिडकी संपलेली, निघाल्यावर दुसरी सुरू. अख्खी दुपार पूल जागचा हलणार नाही, नदी चार वेळा ओलांडा. तीच माणसं, तोच कोच, तीच यादी; तारीख फक्त सात दिवस इकडे किंवा तिकडे. तारीख ठरवताना शाळेच्या सुट्ट्या पाहिल्या, कोचचे दर पाहिले, हवामानाचा अंदाजही पाहिला. भरतीचं कोष्टक पाहिलं नाही, आणि बंदराच्या गावी दिवस ठरवायचा तर ते सगळ्यांच्या आधी पाहायला हवं. त्यानंतर ड्रायव्हरची निघायची वेळ लिहायची, आणि उरलेल्या तासांत एका काठाचीच यादी करायची. दुसरा काठ पुढच्या वर्षी.

आजोबांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, ओहोटीला जाऊन करायचं काय? खालचं बंदर चिखल दाखवणार, होड्या बाहेर. भरतीला होड्या आत येतात, तेव्हाच धक्क्याला जीव असतो. “पूल उघडला तर उघडू दे की. तुम्ही पलीकडे जाऊच नका.” आणि यात तथ्य आहे. पूल हलू नये म्हणून ओहोटीचा शनिवार निवडला, तर धक्क्यावरचं ते शेवंडीचं माप दिसणार नाही. मठ आणि कुकचं घर दोन्ही काठांसकट हवं असेल तर ओहोटी. होड्या हव्या असतील तर भरती आणि पश्चिमेचाच काठ. दोन्ही एकाच दिवसात साधत नाहीत. ताईंचं मत ओहोटीकडे आहे, कारण त्यांना ४६ माणसं सांभाळायची असतात.

साडेचारला कोचपाशी ४४ जण होते. राहिलेले दोघे जेटच्या दुकानात होते, पश्चिमेच्याच काठावर. इंजिनिअर मुलीने त्यांना चार मिनिटांत आणलं. पावणेपाचला चाकं हलली. कोच सव्वासातच्या आत लीड्सला पोचला आणि ड्रायव्हरचे तेरा तास शाबूत राहिले.

पुढच्या सहलीसाठी ताईंनी कोष्टकावरून दुपारी ओहोटी येणारे दोन शनिवार काढले आहेत. एकाला कोच मिळत नाही. दुसऱ्याला मिळतो, पण त्या दिवशी समितीतल्या काकांच्या नातवाची मुंज आहे. काका म्हणतात, मग एक आठवडा पुढे घ्या. एक आठवडा पुढे म्हणजे पुन्हा दुपारची भरती, हे त्यांना समजावणं चालू आहे. आजोबांचा काकांना पूर्ण पाठिंबा आहे.